कॅमलमध्ये एकच स्ट्रीम अनेक ठिकाणी पाठवताना

एचटीटीपीवरून आलेली ऑर्डर फाइलमध्ये साठवायची, जेएमएस क्यूमध्ये (जावाची मेसेजची रांग) टाकायची आणि गोदामाच्या सिस्टीमलाही कळवायची, तर अपाचे कॅमलमध्ये (वेगवेगळ्या सिस्टीम जोडणारं जावा फ्रेमवर्क) आपण मल्टिकास्ट, म्हणजे एकच मेसेज अनेक ठिकाणी पाठवायची सोय, लावतो. फाइल नीट तयार होते, पण क्यूमध्ये रिकामा मेसेज पडतो. बहुतेक वेळा एररही येत नाही, म्हणूनच हा दोष मला फार घातक वाटतो.

मल्टिकास्ट प्रत्येक ठिकाणासाठी मेसेजची प्रत काढतो, पण ती वरवरची असते. आतली बॉडी, म्हणजे मेसेजमधला प्रत्यक्ष डेटा, तीच राहते. बॉडी इनपुटस्ट्रीम (क्रमाने वाचायचा डेटाचा प्रवाह) असेल तर ती एकदाच वाचता येते, आणि पहिल्या ठिकाणाने वाचली की पुढच्यांसाठी काही उरत नाही.

म्हणून आधी मल्टिकास्टच्या अगोदर बॉडीच्या क्लासचं नाव लॉग करा, म्हणजे ती स्ट्रीम आहे का ते कळेल. फक्त नावच. कॅशिंग बंद असताना मजकूर छापलात तर स्ट्रीम तिथंच संपेल.

मग स्ट्रीम कॅशिंग पाहा, म्हणजे स्ट्रीम पुन्हा वाचता यावी म्हणून ती साठवून ठेवायची सोय. कॅमल 3.17 पासून ते मुळातच चालू असतं. त्याआधीच्या आवृत्तीत कॉन्टेक्स्टवर (सगळ्या रूटसाठी) किंवा त्या रूटवर (मेसेजच्या त्या एका मार्गावर) स्वतः चालू करावं लागतं. नवी आवृत्ती असली तरी कुणी ते बंद केलेलं नाही ना, हे तपासाच.

आता मेसेजचा आकार. छोटा मजकूर असेल तर बॉडी सरळ स्ट्रिंगमध्ये बदलणं सर्वांत सोपं. पीडीएफ किंवा चित्र असेल तर बाइट ॲरेच घ्या, स्ट्रिंग केल्यास फाइल बिघडते. मोठ्या मेसेजसाठी डिस्कवर स्पूलिंग, म्हणजे कॅश मेमरीऐवजी फाइलमध्ये ठेवणं, चालू करा. ते मुळात बंद असतं, त्यामुळे सगळा डेटा मेमरीत साठतो. चालू केल्यावर 128 केबीपेक्षा मोठे मेसेज तात्पुरत्या फाइलमध्ये जातात. त्यासाठी पुरेशी जागा असलेली डिरेक्टरी नेमून द्या. नाही दिली तर जावाची टेम्प डिरेक्टरी वापरली जाते.

कॅशिंग चालू असलं की समांतर मल्टिकास्टमध्ये प्रत्येक शाखेला (प्रत्येक ठिकाणाकडे जाणाऱ्या वाटेला) कॅशची वेगळी प्रत कॅमलच देतो. तुमच्या स्वतःच्या प्रोसेसरमध्ये बॉडी दोनदा वाचायची असेल तर मधे रीसेट करा, म्हणजे वाचन पुन्हा सुरुवातीपासून होईल. बॉडी स्ट्रीम नसून जावा ऑब्जेक्ट असेल आणि एखादी शाखा त्यात बदल करत असेल, तर कॅशिंगचा उपयोग नाही. मल्टिकास्टच्या ऑनप्रिपेअरमध्ये (प्रत पाठवण्याआधी चालणारा तुमचा कोड) पूर्ण प्रत काढा.

चाचणी मात्र खऱ्या एचटीटीपी विनंतीनेच करा. फाइल कंपोनंटकडून येते ती फाइलची नोंद, प्रत्येक ठिकाण ती नव्याने उघडतं आणि दोष झाकला जातो. विनंती पाठवल्यावर तिन्ही ठिकाणी पोचलेल्या मेसेजचे बाइट मोजून मूळ मेसेजशी ताडून पाहा.