जुन्या बागेच्या जागी वसलेल्या उपनगरात खजिनाशोध कसा आखायचा

बाग तुटली, प्लॉट पडले, घरं उभी राहिली, तरी बागेच्या ओळी लवकर पुसल्या जात नाहीत. झाडं दोरी ताणून लावलेली असतात आणि कुंपणं नंतर येतात. म्हणून तीन वेगवेगळ्या अंगणांतली तीन जुनी झाडं एका रेषेत दिसली, तर ती रेषा बहुधा मूळ बागेचीच. सगळा खेळ या रेषेभोवती बांधा. इथे पूर्वी बाग होती हे मुलांना सांगून फारसं पोचत नाही. भिंतीपलीकडचं झाड आपल्या झाडाच्या ओळीत आहे, हे त्यांचं त्यांना दिसलं की पोचतं.

आधी जुना नकाशा किंवा जुनं हवाई छायाचित्र मिळवा. त्यात बाग बहुधा ठिपक्यांच्या सारख्या रांगांसारखी दिसते. हा नकाशा आजच्या नकाशावर बसवताना दोन खुणांवर भागवू नका. दोन बिंदू नेहमीच जुळतात. कागद आखडला असेल तर ती चूक तिसऱ्या-चौथ्या बिंदूला कळते. खुणा म्हणून जुना पूल, विहीर, तिठा घ्या; ओढ्याचा काठ नको, तो सरकतो. मग प्रत्यक्ष जाऊन झाडांमधली अंतरं टेपने मोजा. चौरस लागवडीत 10 मीटर अंतराने हेक्टरी 100 झाडं बसतात. अशा बागेत आज दोन झाडांमध्ये 30 मीटर भरले, तर मधली दोन गेली. ओळी एकमेकींना 60 अंशांत छेदत असतील तर लागवड त्रिकोणी होती. त्यात तेवढ्याच अंतराने साधारण 15 टक्के झाडं जास्त बसतात.

घेर मोजायचा तो जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर. त्यावरून वय मात्र ठरवू नका. पाणी, छाटणी आणि जात यांनी घेर फार बदलतो. त्यापेक्षा कलमाचा सांधा शोधायला लावा. बुंध्याशी फुगवटा किंवा सालीचा पोत एकदम बदललेला दिसला, तर ते झाड कोणीतरी निवडून बांधलेलं आहे. सांध्याखालून फुटलेल्या फांदीला फळ वेगळंच येतं, कारण ती फांदी खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याची असते. या एकाच गोष्टीवर दोन चांगली कोडी होतात.

कोड्यांसाठी बागेशी जोडलेल्या कुटुंबाची माहिती गोळा करताना वडीलधाऱ्यांकडे फोटो घेऊन जा. नुसतं ‘काही आठवतं का?’ विचारलं तर उत्तरं त्रोटक येतात. फोटो समोर ठेवून ‘ही शिडी कुठे ठेवायचे?’ विचारलं की अख्खी जागा उभी राहते. आजोबा आणि नातू यांचं नाव एकच असणं सर्रास आढळतं, म्हणून प्रत्येक नावापुढे जन्मसाल लिहा. साल ठाऊक नसेल तर पिढीला 25 ते 30 वर्षं धरून अंदाज बांधा, पण तो अंदाज कोड्यात वापरू नका. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव कोड्यातून वगळा. बँकांचे सुरक्षाप्रश्न अनेकदा यांवरच असतात. वाटण्यांचे वाद तर अजिबात आणू नका. ज्या घराचा उल्लेख येणार आहे त्या घराला मजकूर आधी वाचून दाखवा.

आता कोडी. एकच कसोटी लावा: उत्तर त्या जागी उभं राहूनच मिळालं पाहिजे. फोनवर मिळत असेल तर कोडं बाद. पायऱ्यांची संख्या, दारावर कोरलेलं साल, ओळीतल्या झाडांची मोजणी ही चांगली उत्तरं. ‘वीस पावलं चाला’ असं कधीच लिहू नका. आठ वर्षांच्या मुलाचं पाऊल आणि मोठ्या माणसाचं पाऊल यांत वीस पावलांत काही मीटरांचा फरक पडतो. दर मीटरला गाठ मारलेली दोरी द्या. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर चुकतो, दाट झाडीत आणखी. म्हणून तो फक्त गल्लीपर्यंत पोचायला वापरा. लोखंडी फाटकाजवळ होकायंत्र वाचायला लावू नका, सुई भरकटते.

शेवटचा शब्द अक्षरं जुळवून बनवायचा असेल तर कानामात्रा नसलेला निवडा. ‘कलम’ उत्तम. वेलांटी किंवा जोडाक्षर आलं की वेलांटी धरायची की सोडायची, यावर पथकांची भांडणं होतात.

दीड-दोन किलोमीटरची फेरी, 8 थांबे, पथकात 4 ते 5 जण, वेळ दीड तास. थांब्यांची रांग गोलाकार ठेवा आणि प्रत्येक पथक वेगळ्या थांब्यावरून सोडा, नाहीतर मागचं पथक पुढच्याचं पाहून पळतं. उघड्या विहिरीजवळ थांबा ठेवू नका, आणि झाडाखाली काही पुरू नका. झाडाची बहुतेक मुळं वरच्या 60 सेंटिमीटरांत असतात. चिठ्ठी खिळ्याने न ठोकता सुती दोरीने बांधा आणि त्याच संध्याकाळी सोडा. इंकजेटची शाई दमट हवेत पसरते, म्हणून लेझर छपाई घ्या. लॅमिनेशन करताना कडेला 5 मिलिमीटर प्लास्टिक मोकळं ठेवा, कागदाला लागून कापलं की पाणी आत शिरतं.

दोन दिवस आधी, बाग ठाऊक नसलेल्या एखाद्याला पूर्ण फेरी करायला लावा. तेवढ्यात एखादं झाड तोडलेलं असतं, एखादं कोरलेलं साल रंगाखाली गेलेलं असतं.

पेटीत ठेवायचा खजिना मात्र निदान वर्षभर आधी सुरू करावा लागतो: मूळ बागेतल्या झाडाची काडी घेऊन बांधलेलं कलम. बी रुजवून भागत नाही, कारण बहुतेक फळझाडांत बियांपासून तेच गुण उतरत नाहीत. दोन-तीन कलमं जास्त बांधा, सगळी जगत नाहीत. रोपाला ॲल्युमिनियमची पट्टी लावून तिच्यावर टोच्याने जात, मातृवृक्षाची जागा आणि बांधल्याची तारीख कोरा. पेनाची शाई उन्हात उडते.