फोन मालकासकट बोलवा: तालुक्याच्या हॅकॅथॉनची तयारी

समाजोपयोगी तंत्रज्ञानाचं हॅकॅथॉन, म्हणजे मुलांच्या गटांनी दोन दिवस बसून लोकांच्या कामाचं ॲप बनवायची स्पर्धा, तालुक्याच्या कॉलेजात घ्यायचं ठरलं की पहिली चर्चा बॅनरची आणि पाहुण्यांची होते. ते नंतर बघा. आधी तारीख. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी, त्यातच तूर. या दिवसांत गावातलं कोणी तुमच्या हॉलमध्ये येणार नाही, आणि त्यांनी यावं असा आग्रहही धरू नका. मार्च उजाडला की परीक्षा, नंतर ऊन. म्हणजे उरतो फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. तोच धरा.

आता मुख्य गोष्ट: गावातले फोन. मागच्या खेपेला आमच्याकडून नेमकं हेच राहिलं. मुलं दोन दिवस लॅपटॉपवर आणि स्वतःच्या नव्या फोनवर काम करत होती, सगळं सुरळीत चालत होतं. शेवटच्या तासाला एका आशाताईंच्या फोनवर ॲप टाकायला गेलो तर जागाच शिल्लक नाही. काय काढून टाकायचं हे आपण कसं सांगणार, नातवाचे फोटो आहेत ते. जागा झाली तर ॲण्ड्रॉइड जुनं. गूगल खात्याचा पासवर्ड पुण्याला असलेल्या मुलाकडे. शेवटी कसंबसं एका दुसऱ्या फोनवर चढलं आणि वेचणीला जाणाऱ्या एका काकू तो घेऊन व्हरांड्यात उभ्या राहिल्या. उन्हात पडद्यावर काही दिसेना, म्हणून त्यांनी तळहाताचा आडोसा केला. बोंडाची टोकं लागून अंगठ्याची कातडी राठ झालेली, तीनदा दाबावं तेव्हा एकदा लागायचं. नाव लिहायला गेल्या की खालून कीबोर्ड वर यायचा आणि ‘पुढे’चं बटण त्याच्यामागे दडायचं. ‘हे कोठी दाबाचं?’ त्यांनी विचारलं. बटण दिसतच नव्हतं, तर मुलं काय सांगणार!

म्हणून पहिल्या दिवशी सकाळी, कामाला सुरुवात होण्याआधी, हॉलमध्ये गावातले फोन हवेत. आणि फोन मालकासकट हवेत. नुसते गोळा करून आणू नका. त्या फोनवर बँकेचे ओटीपी येतात, आधारचे फोटो असतात, कधी अख्ख्या घराचा तो एकच फोन असतो. तो मालकाच्याच हातात राहील, मुलं शेजारी बसून बघतील. निदान दहा-बारा माणसं ठरवा: आशाताई, अंगणवाडीसेविका, बचत गटाच्या दोघी-तिघी, कोरडवाहू शेतकरी, एखादा रोजगार सेवक. त्यांना दिवसाची रोजी द्या, त्यांच्या गावात चालते ती. चहा-नाश्त्यावर माणसाचा दिवस मागायचा नसतो. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला स्वतः फोन करून विचारा, ‘उद्या फोन तुमच्याकडेच आहे ना? मुलगा घेऊन तर जाणार नाही?’ हा प्रश्न विसरलात तर माणूस येतो आणि फोन नागपूरला गेलेला असतो.

विषय मोकळा आहे, म्हणून मुलांना थेट हॉलमध्ये आणून बसवू नका. आठवडाभर आधी प्रत्येक गटानं एका गावात अर्धा दिवस काढावा. ज्याचं काम सोपं करायचं त्याला तिथंच भेटावं आणि त्यालाच हॅकॅथॉनला बोलवावं. फोनवाली माणसं अशीच मिळतात.

विषय लहान घेऊ द्या. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीसाठी वावरात कामगंध सापळे लावतात, मादीच्या वासानं त्या अळीचे नर पतंग ओढणारे. सापळ्यात सलग तीन रात्री दर रात्री आठ किंवा जास्त पतंग सापडले की उपाय सुरू करायचा, अशी शिफारस आहे. रोजचा आकडा टाकायचा आणि तिसऱ्या दिवशी फोननं आठवण द्यायची, एवढं दोन दिवसांत नीट होतं आणि साध्या एसएमएसवरही चालतं. पण कोणतं औषध किती मिसळायचं हे स्वतः ठरवून सांगणारं ॲप कोणत्याही गटाला करू देऊ नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले आहेत. औषधाबद्दल दाखवायचंच असेल तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं शिफारसपत्रक शब्द न बदलता, त्यावरच्या तारखेसह दाखवा. आजाराचं निदान सांगणाऱ्या ॲपलाही हाच नियम. इथं मी कोणाचं ऐकणार नाही.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, माणूस बोलतो एकरात. एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. अर्जात दोन्ही चालले पाहिजेत, नाहीतर पाच एकरवाला पाच हेक्टरचा मालक होऊन बसतो. मेळघाटात घेत असाल तर कोरकू, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, यवतमाळच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, कोलामी. तिथं मराठीत लिहिलेलं पान पुरत नाही, आवाज रेकॉर्ड करून देणारा त्याच भाषेतला माणूस लागतो. तोही आधी ठरवा, पैसे देऊन.

खऱ्या लाभार्थ्यांच्या याद्या, आधार क्रमांक, गरोदर मातांची नावं चाचणीसाठी वापरायची नाहीत. कोणी ओळखीतून पेनड्राइव्हवर आणून दिल्या तरी नाही. नावं बनवून घ्या.

नेटवर विसंबू नका. लागणारी पॅकेजेस, देवनागरी फॉन्ट, तालुक्याचे नकाशे आदल्या दिवशी उतरवून एका लॅपटॉपवर ठेवा आणि राउटर लावून हॉलभर वाटा. दोन कंपन्यांची सिम जवळ असू द्या. वीज: गावच्या वायरमनला तारीख सांगून ठेवा, जनरेटर आधी चालवून बघा, एक्स्टेंशन बोर्ड मोजून आणा, मग आणखी आणा. आणि नेट बंद करून प्रत्येक ॲप चालवायचं. कुठं? गावातल्या फोनवर. लॅपटॉपवर चालतंय हे मला सांगू नका. दर चार तासांनी काम थांबवायचं आणि जे झालंय ते मालकाच्या हातातल्या फोनवर टाकायचं, व्हरांड्यात, उन्हात. पहिल्या फेरीला मुलं कंटाळतात, ‘सर, अजून तयार नाही’ म्हणतात. तरी टाकायला लावा. अर्धवट असतानाच अडचण कळली तर दुरुस्तीला वेळ उरतो.

मुलींच्या राहण्याची सोय वेगळी, आतून कडी लागणारी खोली, सोबत बाई शिक्षिका, आणि पालकांना आधी फोन. हे पक्कं नसेल तर खेड्यावरच्या मुली शेवटची एसटी धरून परत जातील आणि त्यांचे गट मोडतील. पाणी, जेवण, सतरंज्या, तुम्हाला माहीत आहे.

दुसरा दिवस. परीक्षकांत फोन आणलेल्यांपैकी दोघं तरी असावेत, आणि त्यांचे गुण बाकीच्यांइतकेच धरावेत. स्लाइड नको. ज्याच्यासाठी केलं तो माणूस स्वतः ॲप चालवून दाखवेल, गटानं मधे बोलायचं नाही. बक्षिसाआधी प्रत्येक गटाकडून लिहून घ्या: हे पुढं कोण सांभाळणार, बिघडलं तर कोणाला फोन करायचा, कोड कुठं ठेवलाय. प्रमाणपत्रं आधी छापू नका, नावं चुकतात. जनरेटरवाल्याचे पैसे त्याच दिवशी.

आणि गावातली माणसं निघण्याआधी चाचणीची ॲप्स त्यांच्या फोनवरून काढायची. मालकासमोर, त्यांना विचारून. ठेवायचं म्हणाले तरच ठेवा. रोजी हातात द्या, मग गाडीत बसवा.