जुनी गाडी तापते? थर्मोस्टॅट काढू नका, आतली हवा काढा

मारुती 800, झेन, जुनी अल्टो, यातली कुठलीही गाडी तापायला लागली की हमखास एक सल्ला मिळतो: "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडच्या उन्हात त्याची गरजच नाही." हे ऐकू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. थर्मोस्टॅट काढला की मोकळ्या रस्त्यावर इंजिन पुरेसं गरमच होत नाही. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, झीज वाढते. मूळ दोष तर जागेवरच राहतो, फक्त पुढच्या मे महिन्यापर्यंत लपतो.

काही उघडण्याआधी गाडी नेमकी कधी तापते ते बघा. निम्मं निदान तिथंच होतं.

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि गाडी पळायला लागली की तापमानाचा काटा खाली येतो: पंखा. घाटात किंवा हायवेवर 80 च्या पुढे तापते, गावात ठीक असते: रेडिएटर चोंदलाय किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडतोय. सकाळी थंड गाडी चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर जातो: थर्मोस्टॅट बंद अडकलाय, पाण्याच्या वाटेत हवा आहे किंवा हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय. फक्त एसी लावल्यावर तापत असेल तर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधली फट तपासा. मळणीच्या दिवसांत खेड्यापाड्यांतून फिरलेल्या गाडीत तिथं भुशाचा थर बसलेला असतो. पाण्याचा पाइप हलक्या धारेनं इंजिनच्या बाजूनं पुढे मारा. जोराच्या धारेनं जाळी दुमडते.

पंख्याची तपासणी सोपी आहे. आधी फ्यूज, मग रिले. तरीही पंखा फिरत नसेल तर थर्मोस्विचचा (पाणी तापलं की पंखा चालू करणाऱ्या स्विचचा) कनेक्टर काढा, किल्ली ऑन करा आणि कनेक्टरच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडा. (एकच वायर असेल तर ती बॉडीला टेकवा.) पंखा फिरला तर स्विच बदला. फिरला नाही तर बॅटरीवरून मोटरला थेट करंट द्या. तरी हलली नाही तर मोटर गेली.

रेडिएटरची कॅप स्वस्त असते, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. तिच्यावर 0.9 लिहिलेलं असतं, म्हणजे एवढ्या दाबापर्यंत ती पाणी धरून ठेवते. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं. रबर कडक झालं की दाब राहत नाही आणि पाणी शंभरलाच उकळून बाहेर पडतं. गाडी थंड झाल्यावर वरचा होस पाइप चपटा झालेला दिसला तर कॅपमधला उलटा व्हॉल्व्ह अडकलाय. कॅप बदला, पण 0.9 च्या जागी 1.1 ची लावू नका. जुन्या रेडिएटरचे सांधे तो दाब सोसत नाहीत.

थर्मोस्टॅट काढून पातेल्यात उकळून बघा. त्यावर 82 छापलं असेल तर 82 अंशांच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पाणी खळखळण्याआधी पूर्ण उघडला पाहिजे. नसेल तर नवा घ्या. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकात नको. पाण्याच्या पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तिथं ओल किंवा वाळलेला पांढरट-हिरवा डाग असेल तर पंपाचं सील गेलंय आणि पंप बदलावा लागेल.

खालचा होस काढून जुनं पाणी बादलीत घ्या, आणि मापून ठेवा. मापाचं कारण पुढे आहे. गंजाचं लाल पाणी निघालं तर स्वच्छ येईपर्यंत धुवा. कूलंटला (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रंगीत द्रव) गोडसर चव असते आणि तो विषारी असतो. कुत्री-मांजरं तो पितात, म्हणून बादली उघडी ठेवू नका आणि गटारातही ओतू नका. भरताना बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट मिसळा. आपल्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे 30 ते 50 टक्के कूलंट पुरे. रेडीमिक्स आणला असेल तर त्यात पाणी घालू नका. गळती थांबवायला हळद टाकायचा उपाय अजून सांगितला जातो. हळद भोक बुजवते तशीच नळ्याही बुजवते. कृपया टाकू नका.

आता खरं अवघड काम. पार्ट बदलूनही गाडी तापते तेव्हा बहुतेक वेळा नवा पार्ट खराब नसतो, आत हवा राहिलेली असते. रेडिएटर काठोकाठ भरलेला दिसतो, पण थर्मोस्टॅट बंद असल्यामुळे त्याच्या पलीकडे इंजिनच्या हेडमध्ये हवेचा फुगा अडकून बसतो. पाणी नाही तिथं हेड भाजत राहतं. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. हवेत असला तर काटा मध्येच खाली पडतो आणि गाडी थंड झाली असं वाटतं. तापलेल्या गाडीचा काटा अचानक C (थंड) कडे पडला तर ती चांगली खूण समजू नका. तिथंच इंजिन बंद करा.

हवा काढायची पद्धत अशी. थर्मोस्टॅट उभा बसत असेल तर त्याच्या कडेवरची छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा. हवा तिथूनच निसटते. पिन खाली ठेवून बसवलेला थर्मोस्टॅट हे एअर लॉकचं, म्हणजे आत हवा अडकण्याचं, नेहमीचं कारण आहे. गाडीचं तोंड चढाकडे करून लावा म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच राहील. हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांमागे दगड लावा. हीटर असेल तर त्याचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, नाहीतर हीटरच्या पाइपातली हवा तिथंच राहते.

कॅप उघडी ठेवून बारीक धारेनं भरा. घाई केली की पाणी हवेला आत कोंडतं. मध्ये मध्ये वरचा होस हातानं दाबत राहा, बुडबुडे येतील. आता मापाचं काम: जेवढं निघालं तेवढं आत गेलं पाहिजे. साडेतीन लिटर निघालं आणि अडीचलाच रेडिएटर भरला तर एक लिटर हवा आत आहे. इंजिन चालू करू नका, होस दाबत भरत राहा.

पातळी जवळ आली की इंजिन थंड असतानाच, कॅप उघडी ठेवून चालू करा आणि आयडलवर सोडा. दहा-पंधरा मिनिटं काही घडणार नाही. इथं धीर सुटतो आणि लोक कॅप लावून मोकळे होतात. तसं करू नका. वरचा होस एकाएकी गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला. त्याच वेळी पातळी गपकन खाली जाईल. लगेच भरा. दोन-तीन सेकंद हलका रेस द्या, बुडबुडे येतील, पुन्हा भरा. पंखा दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत हे चालू ठेवा. हीटरमधून गरम हवा यायला लागली म्हणजे त्या पाइपातही पाणी पोचलं. पाणी उसळायला लागलं तर तोंड आणि हात लांब ठेवून इंजिन बंद करा. मग काठोकाठ भरून कॅप लावा आणि रेडिएटरला पाइपनं जोडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत LOW आणि FULL च्या मध्ये पातळी ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना कॅप उघडून बघा. पातळी थोडी उतरलेली असेल तर ती उरलेली हवा. भरा. सलग तीन दिवस बघा आणि तोपर्यंत कसारा किंवा खंबाटकी घाट चढायला जाऊ नका. गरम गाडीची कॅप कधीही उघडू नका. रस्त्यात तापली तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा, बाजूला थांबा आणि किमान पाऊण तास हात लावू नका. तापलेल्या इंजिनमध्ये गार पाणी ओतलं तर ॲल्युमिनियमचं हेड वाकू शकतं.

हवा काढूनही बुडबुडे थांबत नसतील, थंड गाडी चालू केल्यावर मिनिटाभरात होस दगडासारखा कडक होत असेल, ऑइलच्या कॅपखाली दह्यासारखा पांढरा फेस दिसत असेल किंवा गरम गाडीच्या सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर बहुधा हेड गॅस्केट गेलंय. गळती बंद करणाऱ्या बाटल्या इथं कामाच्या नाहीत. हेड उतरवून लेथवाल्याकडून सपाटी तपासून घ्या आणि वाकलं असेल तर फेसिंग (घासून सपाट) करून घ्या. नुसतं नवं गॅस्केट टाकून वाकलेलं हेड परत बसवू देऊ नका, ते लवकरच पुन्हा जाईल. हेड बसवल्यावर गॅरेजमध्ये पाणी कसं भरतात ते उभं राहून बघा. तीन मिनिटांत कॅप लावली तर घरी आणून वरच्या पद्धतीनं हवा स्वतः काढा.