फेअरिंगला घरी स्प्रे मारताना

घरी मारलेल्या रंगाचे पापुद्रे निघतात, ते बहुतेक वेळा खालची तयारी कच्ची राहिल्यामुळे. फेअरिंग, म्हणजे बाइकचं बाहेरचं प्लास्टिकचं आवरण, गाडीवरून उतरवूनच रंगवा. आतल्या बाजूला बहुधा प्लास्टिकचा प्रकार उमटवलेला असतो, तो बघा: एबीएसवर रंग चांगला धरतो, पीपी असेल आणि प्लास्टिक उघडं पडलं असेल तर आधी अ‍ॅडहेजन प्रमोटर (रंग प्लास्टिकला धरून राहावा म्हणून आधी मारायचा थर) हवाच.

आधी धुवा, वॅक्स आणि सिलिकॉन पॉलिशचा अंश पूर्ण काढा, मगच घासा. क्रम उलटा झाला तर पॉलिश ओरखड्यांत बसतं आणि ताज्या रंगात गोल गोल खड्डे पडतात. ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे, पण वेळ द्यायचा तो इथेच. जुना रंग घट्ट असेल तर खरवडू नका. ६०० नंबरच्या वॉटर पेपरने चमक घालवली की पुरे.

डबा नीट हलवा. अंतर २० ते २५ सेंटीमीटर. फवारा पॅनेलच्या बाहेर सुरू करा, बाहेरच थांबवा. पहिला हात इतका पातळ हवा की खालचा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) किंवा घासलेला जुना रंग दिसलाच पाहिजे. एकाच हातात झाकायला गेलात तर ओघळ ठरलेले.

पेट्रोल सांडलं की साधा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मऊ पडतो, म्हणून टाकीलगतच्या भागांना टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारा दोन घटकांचा क्लिअर, वापरा. त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. धुळीचा साधा मास्क इथे उपयोगाचा नाही. योग्य कार्ट्रिजचा रेस्पिरेटर, चष्मा, हातमोजे आणि मोकळी हवा नसेल तर टू-के मारूच नका.