एलॉयच्या मैदानावर पहिल्यांदा येणाऱ्या आपल्या खान्देशी पोरापोरींसाठी

दर ऑगस्टमधे आणि जानेवारीत अमेरिकेत ॲरिझोनामधल्या टेम्पीच्या युनिव्हर्सिटीत आपल्याकडची नवी पोरं येतात, जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूर, एखादं नंदुरबारचं, आणि दोन-तीन महिने झाले की त्यातलं कुणीतरी हमखास फोन करतं, ताई तुम्ही एलॉयला विमानातून पॅराशूट घेऊन उड्या मारता म्हणे, आम्हालाही यायचंय, कसं करायचं. दरवेळी तेच तेच सांगते म्हणून यावेळी लिहूनच काढते. उडी कशी मारायची ते इन्स्ट्रक्टर शिकवतील, ते माझं काम नाही. मी सांगणारे ते तिथं रुळायचं कसं, आणि कुठल्या मैदानावर रुळावं न् कुठून परत फिरावं.

आधी माझं थोडं. मी चोपडा तालुक्यातली, घरची कपाशी न् थोडी केळी. २०११ ला लग्न होऊन चँडलरला आले, जळगावचं विमानतळ तेव्हा झालेलंच नव्हतं, प्रतिभाताईंनी त्याचं उद्घाटन केलं २०१२ ला, म्हणून भुसावळहून रेल्वेने मुंबई आणि विमान जवळून पाहिलं ते तिथंच पहिल्यांदा. एच-फोर व्हिसा, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या बायकोचा, त्यावर तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती, गाडी येत नव्हती, नवरा सकाळी सातला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. उन्हाचं मला काही नव्हतं, भुसावळ-जळगावच्या माणसाला ४५ डिग्रीचं काय कौतुक, पण आपल्याकडे त्या उन्हातही दारापुढच्या निंबाखाली कुणीतरी बसलेलं असतं, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारतं, ये वं माय बैस, पाणी पे. इथं अख्खी दुपार खिडकीतून रस्ता पाहिला तरी माणूस दिसायचा नाही. पहिली दोन वर्षं मी फार एकटी काढली, तुमच्यातल्या काहींचीही तशीच चाललीयत हे मला माहितीय, म्हणून हे लिहितेय.

पहिली टँडम उडी २०१२ च्या डिसेंबरात, नवऱ्याच्या ऑफिसच्या लोकांबरोबर, दुसऱ्याच एका मैदानावर, नाव घेत नाही. टँडम म्हणजे इन्स्ट्रक्टरच्या पुढ्यात तुम्हाला बांधतात आणि सगळं तोच करतो. उडी फार सुंदर झाली. पण पैसे भरा, फॉर्मवर सह्या करा, उडी मारा, फोटो घ्या, निघा. कुणी नाव विचारलं नाही, फॉर्मवर सही केली तेवढीच माझी ओळख. परत येताना मला रडू आलं आणि का ते नवऱ्याला सांगता येईना.

एलॉय सापडलं ते कपाशीमुळे. ऑक्टोबरात टूसॉनला चाललो होतो, आय-टेन हायवेवर, आणि कासा ग्रांडे सोडल्यावर बाजूला पाहते तर पांढरीशुभ्र फुटलेली कपाशी. मी गाडी थांबवायला लावली. हा पिनाल काउंटीचा भाग कपाशीचाच आहे, पिमा कापूस म्हणतात ना लांब धाग्याचा, त्याचं नाव इथल्याच पिमा लोकांवरून पडलंय. वेचणी यंत्राने होते, बाया ओटीत वेचत नाहीत, पण बोंड तेच. आणि त्या पांढऱ्या वावरावर आभाळात लाल-पिवळ्या-निळ्या वीसेक पॅराशूटच्या छत्र्या उतरत होत्या. पुढच्या शनिवारी आम्ही नुसतं बघायला गेलो आणि तेव्हापासून मी जातेच आहे.

आता तुमच्या कामाचं. एलॉयचं स्कायडाइव्ह ॲरिझोना हे जगातल्या मोठ्या ड्रॉप झोनपैकी आहे, चँडलरहून पाऊण तास. ड्रॉप झोन म्हणजे विमानपट्टी, उतरायचं मैदान, छत्र्या घड्या घालायची जागा, शाळा आणि मॅनिफेस्ट, म्हणजे कोण कुठल्या विमानात ते लिहिणारी खिडकी. मोठं आहे म्हणून दबकू नका. पण माझं ऐकाल तर पहिल्यांदा उडीचे पैसे घेऊन जाऊच नका. नुसते जा, आणि जमलं तर वाऱ्याच्या दिवशी जा. हे उलटं वाटेल तुम्हाला. वारा जास्त असला की विमानं थांबतात, शिकाऊ लोकांना तर जमिनीवर ताशी १४ मैलांच्या वर वारा असला की सोडतच नाहीत, मग सगळे विंडसॉककडे, म्हणजे वारा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, बघत सावलीत बसून राहतात, आणि मैदान कसंय ते त्या बसण्यात कळतं. कुणी तुम्हाला खुर्ची सरकवतं का. पाच हजार उड्या झालेला माणूस पाच उड्या झालेल्या पोरीशी बोलतो का. वारा जेमतेम त्या मर्यादेला टेकलेला असताना एखादा पोरगा जाऊ द्या जाऊ द्या म्हणून मागे लागला तर त्याला शांतपणे नाही म्हणणारं कुणी आहे का, की पैसे जातील म्हणून चढवतात. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. जिथं तुम्हाला नाही म्हणतात तिथं रहा.

मी पहिली तीन वर्षं एकही उडी न मारता तिथली झाले. नोकरी नव्हती, पैसे कुठून आणणार. पॅकिंगच्या शेडमधे एक म्हातारी बाई छत्र्या पॅक करायची, मी तिच्याजवळ जाऊन बसायचे, तिने पहिल्या दिवशी विचारलं काय माहितीय का, काही खाल्लंस का. इंग्लिशमधे विचारलं पण मला आमच्या मावशीचा आवाज आला, जेवन व्हयनं का. मग तिने दोऱ्या सरळ कशा करायच्या, कापडातली हवा गुडघ्याने कशी काढायची ते दाखवलं, आणि मी ताडपत्रीवर कापूस दाबणाऱ्या घरची, मला ते लगेच जमलं. मुख्य छत्री आपण पॅक करायला शिकतो, पण रिझर्व्ह, म्हणजे राखीव छत्री, फक्त लायसन असलेला रिगर पॅक करतो आणि ती दर १८० दिवसांनी उघडून परत करावीच लागते. रिग, म्हणजे दोन्ही छत्र्या घातलेली पाठीवरची पिशवी, भाड्याने घेताना ती तारीख स्वतः बघा, बघू का असं विचारायला लाजू नका, चांगल्या ठिकाणी त्यांना आनंद होतो तुम्ही बघितल्याचा.

२०१५ ला काही एच-फोरवाल्यांना वर्क परमिट मिळायला लागलं, मला नोकरी लागली, आणि २०१६ ला मी एएफएफ, म्हणजे स्वतःची छत्री स्वतः उघडून उडी मारायला शिकवणारा कोर्स केला. त्यात पहिल्या उड्यांना दोन्ही बाजूंनी दोन इन्स्ट्रक्टर धरून असतात, साधारण १३,००० फुटांवरून सुटायचं, पाऊण मिनिट पडायचं, ५,५०० फुटांना स्वतः छत्री उघडायची. ए लायसनला कमीत कमी २५ उड्या लागतात, बी ला ५०, सी ला २००, डी ला ५००. लायसनपर्यंत काही हजार डॉलर जातात, खोटं सांगत नाही, नंतर एका उडीचे तीसेक. म्हणून पोरांनो, कळकळीने सांगते, फीच्या पैशातून हे करू नका. कुणाच्या बापाने केळीच्या वावरावर कर्ज काढून पाठवलंय ते मला दिसतं. थांबा, नोकरी लागू द्या, मैदान कुठं जात नाही, तोवर येऊन बसा, पॅकिंग शिका, मला तरी त्याचे कुणी पैसे मागितले नाहीत. आणि इन्शुरन्स वाचा. यूएसपीएची, म्हणजे इथल्या पॅराशूटवाल्यांच्या संघटनेची, मेंबरशिप घेतली की तिच्यात दुसऱ्याचं काही नुकसान झालं तर त्याचं कव्हर असतं, तुमच्या स्वतःच्या हातापायाचं नसतं, ते तुमच्या हेल्थ पॉलिसीत बसतं का हे आधी विचारून घ्या.

आता बीअरचं, कारण आपली माळकरी घरातली पोरं यालाच घाबरतात. रीत अशी की काहीही पहिल्यांदा केलं, पहिली एकट्याची उडी, पहिलं लायसन, नवी रिग, की तुम्ही सगळ्यांना बीअर देणं लागता. आणून द्यायची, तुम्ही पिलीच पाहिजे असं अजिबात नाही, मी आजवर एक घोट घेतला नाही आणि मला कुणी कधी आग्रह केला नाही. शेवटचं विमान वर जाऊन सगळे खाली येईपर्यंत तर कुणीच घेत नाही. मी बीअरच्या जोडीला केळीचे वेफर्स नेते. शंभराव्या उडीला तोंडावर क्रीमचा पाय, म्हणजे केकसारखा गोड पदार्थ, फासतात, त्याला तयार रहा, चांगला टॉप घालून जाऊ नका.

हवा. इथंही जून ते सप्टेंबर मॉन्सून म्हणतात, पण आपल्यासारखी झड लागत नाही, दुपारनंतर ढग चढतात, धुळीची भिंत येते, तिला हबूब म्हणतात, आणि ती दिसली की सगळं बंद. दुसरी गोष्ट वावटळ. लहानपणी चैत्रात वावटळ दिसली की आम्ही तिच्यात पळत शिरायचो, इथं ती फार वाईट, उतरताना छत्री तिच्यात सापडली तर जमिनीजवळ छत्री मिटू शकते, माणूस मोडतो. म्हणून ज्याला वावटळ दिसेल तो ओरडतो, तुम्हीही ओरडायचं, मी नवी आहे मी कशी ओरडू असं करायचं नाही. उतरल्यावर छत्री फुगलेली ठेवू नका, गोळा करा, वेळ पडली तर अंगाखाली घ्या. माझ्या उच्चारांची मला लाज वाटायची, पण ज्या दिवशी मी पहिल्यांदा जोरात ओरडले आणि पंधरा माणसांनी माझ्या शब्दावर आपापल्या छत्र्या दाबल्या त्या दिवशी ती लाज गेली.

आणि आता ती कपाशीतली गोष्ट सांगते, कारण मैदान आपलं झालं ते मला त्या दिवशी कळलं. २०१७, ऑक्टोबर, माझी चाळिसाच्या पुढची कुठलीतरी उडी. बावीस जण गेलो होतो. छत्री उघडली तर मी मैदानापासून लांब, वारा समोरून, आणि मी पोहोचेन पोहोचेन म्हणत राहिले. चूक पूर्ण माझी. नियम सांगितलेला होता की मैदान गाठता येत नाही असं वाटलं तर दोन हजार फुटांपर्यंत दुसरी मोकळी जागा ठरवून टाका, दोन खांब दिसले की मधे तार आहेच असं धरा, आणि नांगरलेल्या किंवा पेरलेल्या वावरात उतरावं लागलं तर सरीच्या दिशेने उतरा, आडवं नाही. मी फार उशिरा ठरवलं, नशिबाने तारा नव्हत्या, आणि मी फुटलेल्या कपाशीत सरीला धरून जाऊन बसले. पायाला ओरखडे, बाकी काही नाही. छत्री पिकावर पसरलेली, दोऱ्या पऱ्हाट्यांत अडकलेल्या, जोरात ओढलं असतं तर पाच मिनिटांत मोकळी झाले असते, पण मला ते बोंडं तोडणं जिवावर आलं, एक एक दोरी सोडवत बसले. दुसऱ्याच्या पिकात उतरलात तर तुम्हीही असंच करा, आणि बाहेर पडताना सरीसरीनेच चाला, झाडं तुडवत आडवे जाऊ नका. शेतकरी रागावला की अख्ख्या मैदानाला त्रास होतो, आणि तसंही, आपण कुणाची लेकरं आहोत.

अर्धी छत्री सोडवून झाली असेल तोवर बांधाच्या कच्च्या रस्त्याने धुरळा उडवत पिकअप आली. मला वाटलं शेताचा मालक. आमचीच दोघं होती, ती पॅकिंगवाली म्हातारी आणि माझा इन्स्ट्रक्टर. खाली कुणीतरी नेहमीप्रमाणे मान वर करून छत्र्या मोजल्या होत्या, बावीस उघडल्या, मैदानात एकवीस उतरल्या, आणि बाविसावी मी आहे हे त्यांनी माझ्या छत्रीच्या रंगावरून ओळखलं होतं. आमचे आजोबा सांजच्याला ढोरं गोठ्यात आली की बोट करून मोजायचे, एक कमी निघालं तर भाकरीला हात लावायचे नाहीत, कंदील घेऊन निघायचे. मी त्या कपाशीत उभी राहून रडले. या देशात येऊन सहा वर्षं झाली होती आणि मला कुणीतरी मोजलं होतं. त्यांनी आधी पाणी दिलं. ओरडा संध्याकाळी दिला, तोही बाजूला घेऊन, मातीवर काडीने वाऱ्याची रेघ काढून, तू इथं होतीस, इथं ठरवायला हवं होतं. चारचौघांत एक शब्द नाही.

म्हणून कुठलंही मैदान निवडताना, एलॉय असो की तुमची नोकरी जाईल त्या गावचं, एवढं नक्की बघा, विमान रिकामं झालं की खाली कोण मोजतंय. आणि उतरल्यावर उतरले म्हणून कळवायची सवय लावा, विशेषतः लांब उतरलात तर. छत्री काखेत मारून निवांत चालत येणारा माणूस चार जणांचा जीव टांगणीला लावत असतो. काही महिन्यांनी तुम्हीही मोजायला लागा, त्याला लायसन लागत नाही.

घरी काय सांगायचं हा प्रश्न प्रत्येकाचा. लपवू नका. माझ्या आईला मी शीतल महाजनांचा फोटो दाखवला होता, पद्मश्री मिळालेल्या, २०१८ ला थायलंडमधे नऊवारी नेसून उडी मारलेल्या. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, काष्टा चांगला घट्ट घातलाय. त्यानंतर ती फोनवर फक्त एवढंच विचारते, सगळे उतरले का. तू उतरलीस का असं नाही, सगळे उतरले का.

डिसेंबरात नाताळ ते नव्या वर्षापर्यंत इथं मोठा मेळा असतो, बूगी म्हणतात, जगभरातून लोक येतात, तंबू पडतात. त्यात एका संध्याकाळी आमचं भरीत असतं. बामणोदची हिरवी वांगी मिळत नाहीत, दुकानातली मोठी जांभळी घ्यावी लागतात, पऱ्हाट्यांचा जाळ करायला परवानगी नाही, आगीचे नियम कडक आहेत, शेगडीवर कोळशात भाजतो, पण हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात आणि वरून कच्चं तेल सगळं रीतसर असतं. बडगी, भरीत कुटायचं लाकडी भांडं, मी पाच वर्षांपूर्वी बॅगेत घालून आणलीय. म्हातारी आता पॅकिंग करत नाही, गुडघे गेले, पण भरीत कुटायला तीच बसते. यंदा ज्यांना यायचंय त्यांनी शेवटच्या शनिवारी दुपारी चारपर्यंत पॅकिंगच्या शेडपाशी या. वांगी माझ्याकडे, भाकरीसाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ ज्याच्या घरून आलं असेल त्याने आणावं, आणि थंडीचं काहीतरी अंगावर घ्या, वाळवंट आहे, रात्री फार गार पडतं.