वाड्यातला सागवानी जिना दुरुस्त करताय? या चुका टाळा

वाड्याचा जिना कुरकुरायला लागला की घरातले आधी पॉलिशवाल्याला बोलावतात. पहिली चूक हीच. जिन्याचं दुखणं बहुतेक वेळा खालच्या टोकाला आणि पायऱ्यांच्या पोटात असतं. म्हणून बॅटरी घेऊन जिन्याखाली शिरा, तिथली अडगळ बाहेर काढा आणि टोच्याने बाजूच्या फळ्या जागोजागी टोचून बघा. धडधाकट सागात टोच्या जेमतेम शिरतो. अर्धा इंच सहज आत गेला तर तिथलं लाकूड गेलंच समजा.

सर्वांत जास्त वेळ द्या तो जिन्याच्या पायाला. खांबाखाली तळखडा म्हणजे दगडी बैठक असायची, जिन्याची पहिली पायरी पुष्कळदा दगडी असायची. लाकडाला जमिनीची ओल लागू नये म्हणून. पुढे कुणीतरी शहाबादीवरच टाइल्स बसवून घेतल्या. जमीन दोन इंच वर आली, दगड बुडाला आणि लाकडाचा पाय फरशीत गाडला गेला. आता रोज फरशी पुसायचं पाणी तिथेच मुरतं. वरून लांबी (पुटी) भरून काही होणार नाही. त्याभोवतीची फरशी काढा, सडका भाग निरोगी लाकडापर्यंत कापा, तिरप्या सांध्याने नवा तुकडा जोडा आणि त्याखाली पुन्हा दगड द्या. टाइल्सनी आणखी एक घोळ केलेला असतो: पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी झालेली असते. पायाला सवय एका उंचीची, त्यामुळे माणूस नेमका तिथे अडखळतो. घरातले मात्र म्हणतात, जिनाच धोकादायक आहे!

भिंत आणि जिना यांच्यामधली फट सिमेंटने भरू नका. जुनी भिंत चुना-मातीची, ती ओल घेते आणि सोडते. सिमेंटपाशी ती ओल अडते आणि शेजारच्या लाकडात उतरते. फट चुन्यानेच भरा.

आता कुरकुर. पायरी बाजूच्या फळीतल्या खाचेत बसवलेली असते. लाकूड आकसून खाच सैल झाली की पाय पडल्यावर लाकडावर लाकूड घासतं. वरून तीन इंची खिळा ठोकला की आवाज थांबतो, पण थोड्याच दिवसांसाठी. त्यात जुनी फळी चिरते आणि गंजत्या खिळ्याभोवती काळा डाग पडतो तो वेगळाच. त्यापेक्षा जिन्याखालून, सैल खाचेत सरस लावलेली सागाची पातळ पाचर बसवा. स्क्रू लागलाच तर पितळी घ्या आणि आधी गिरमिटाने भोक पाडा. हे काम पावसाळ्यात काढू नका. जुलैत फुगलेल्या लाकडात घट्ट बसलेली पाचर एप्रिलमध्ये डुगडुगते. दिवाळीनंतरचे कोरडे महिने उत्तम.

वाळवी म्हणून सरसकट फवारणी करण्याआधी खुणा बघा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. टाचणीएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड दिसली तर लाकूड पोखरणारा किडा. वाळवी बहुधा जमिनीतून येते, म्हणून तिचा बंदोबस्त जमिनीतच करावा लागतो. सागाचा गाभा सहसा टिकतो, कडेचा पांढरा भाग आधी जातो. जळकं इंजिन ऑइल फासायचा सल्ला सुतारापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे देतील. ऐकू नका, त्यावर पुढे पॉलिश धरत नाही.

मध्ये झिजलेली पायरी अख्खी बदलायची घाई नको. झिजलेला भाग चौकोनी कापून रेषा जुळवून ठिगळ बसवता येतं. त्यासाठी पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान शोधा. ते मुरलेलं असतं, नव्यासारखं वाकत नाही.

जिना फार उभा वाटतो म्हणून तो आडवा करायचा मोहही टाळा. आजच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार घरातली पायरी 190 मिलिमीटरपेक्षा उंच नसावी आणि पाऊल ठेवायला किमान 250 मिलिमीटर जागा असावी. वाड्याचा जिना यात सहसा बसत नाही. तो बसवायला गेलात तर जागा करण्यासाठी वरच्या कडीपाटाच्या (लाकडी छताच्या) कड्या म्हणजे तुळया कापाव्या लागतात. त्याऐवजी पूर्वीसारखा धरायला दोर लावा, नाहीतर भिंतीला कठडा आणि वर चांगला दिवा.

जुना ऑइलपेंट मशीनने घासू नका. कोरीव काम बोथट होतं आणि धूळ विषारी असू शकते: घरगुती रंगातलं शिसं दशलक्षात 90 भागांपर्यंतच ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. रंग ओला करून हाताने खरवडा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. कॉस्टिक सोड्याने रंग झटपट निघतो खरा, पण साग काळवंडतो.

शेवटचा हात चकचकीत पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिशचा नको. ओल्या पायांनी घसरायला होतं. बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. तेलात भिजलेली फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते तेल तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी उघड्यावर पसरून वाळवा आणि मगच फेका.