मोठ्या वेब अॅप्लिकेशनचे भाग गरजेनुसार कसे लोड करावेत

कोल्हापुरातील गुळाच्या अडत्यांसाठी केलेले एखादे अॅप्लिकेशन उदाहरणादाखल घेऊ. सौद्याच्या वेळी अडत्याला आलेले रवे (गुळाच्या ढेपा) आणि लागलेला दर एवढेच नोंदवायचे असते. पण त्याच वेळी पट्टीची (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाची) पीडीएफ बनवणारी लायब्ररी, वर्षभराचे आलेख आणि जीएसटीचे अहवालही उतरत असतील, तर पहिलाच पडदा रखडतो. गगनबावड्याकडचा शेतकरी साध्या फोनवर आपली पट्टी पाहू लागला की हा भार अधिक जाणवतो, कारण जावास्क्रिप्ट नुसती उतरवून भागत नाही, ब्राउझरला ती वाचून चालवावीही लागते.

म्हणून कोडचे तुकडे करून ते लागतील तेव्हाच आणावेत. पण तोडण्यापूर्वी मोजावे. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधील कव्हरेज हा भाग उतरलेल्यापैकी किती कोड न वापरता पडून राहिला, ते दाखवतो.

पहिली विभागणी रूटनुसार, म्हणजे अॅप्लिकेशनमधील प्रत्येक पानाच्या पत्त्यानुसार करावी. जावास्क्रिप्टच्या ईएस २०२० या मानकात प्रमाणित झालेला डायनॅमिक इम्पोर्ट, म्हणजे कोड चालू असताना मॉड्यूल मागवण्याची सोय, प्रॉमिस (नंतर मिळणाऱ्या उत्तराची हमी) परत करतो आणि वेबपॅक किंवा व्हीट ही कोड एकत्र बांधणारी साधने त्या जागी वेगळा चंक, म्हणजे कोडची स्वतंत्र फाइल तयार करतात. मात्र फाइलचा संपूर्ण मार्ग व्हेरिएबलमध्ये ठेवला, तर नेमके काय वेगळे काढायचे हे त्यांना कळत नाही. रिअॅक्ट या पडदे रचण्याच्या लायब्ररीत १६.६ आवृत्तीपासून यासाठी लेझी (कंपोनंट, म्हणजे पडद्याचा एक भाग, गरजेनुसार आणणारे) आणि सस्पेन्स (तो येईपर्यंत पर्यायी मजकूर दाखवणारे) आहेत. लेझीची घोषणा कंपोनंटच्या बाहेरच करावी, अन्यथा पडदा पुन्हा रेखाटताना (रेंडर) दर वेळी नवा कंपोनंट तयार होऊन भरलेली माहिती पुसली जाते. सस्पेन्स मेनूसकट सगळ्याभोवती न ठेवता फक्त बदलणाऱ्या भागाभोवती ठेवावा, म्हणजे वाट पाहताना सगळा पडदा कोरा होत नाही.

एवढे करूनही मुख्य बंडल (सुरुवातीलाच उतरणारी एकत्रित फाइल) हलके झाले नाही, तर बहुधा तेच मॉड्यूल दुसरीकडे साध्या इम्पोर्टने आणलेले असते. सर्व काही पुन्हा एक्स्पोर्ट करणारी इंडेक्स फाइल हा त्यातला नेहमीचा संशयित.

त्यानंतर कृतीनुसार विभागणी करावी. पीडीएफची लायब्ररी पट्टीचे बटण दाबल्यावर आणावी. बटणावर माउस येताच ती मागवली, तर थांबणे आणखी कमी होते. प्रत्येक लहान कंपोनंट वेगळा काढण्याचा उत्साह मात्र आवरावा, कारण एक चंक आल्यावर त्याने दुसरा मागवायचा आणि मग डेटा, अशी साखळी कमकुवत नेटवर्कवर मूळ बंडलपेक्षाही संथ ठरू शकते. चंक आणि त्याचा डेटा एकाच वेळी मागवणे उत्तम.

खरी कसोटी नवी आवृत्ती चढवल्यावर लागते. पेढीतील संगणकावर टॅब दिवसभर उघडा असतो, त्याला जुन्या हॅशची (मजकुरावरून ठरणाऱ्या, फाइलच्या नावातील खुणेची) फाइल हवी असते आणि सर्व्हरवर ती उरलेली नसते. काही सर्व्हर तर अशा वेळी मुख्य एचटीएमएल पान पाठवतात आणि ब्राउझर ते मॉड्यूल म्हणून नाकारतो. म्हणून जुने चंक काही दिवस सर्व्हरवर राहू द्यावेत, हॅश असलेल्या फाइलींना दीर्घ मुदतीचे कॅशिंग द्यावे (ब्राउझरने त्या साठवून पुन्हा वापराव्यात) आणि मुख्य पान मात्र दर वेळी सर्व्हरकडे पडताळले जाईल असे ठेवावे. तरीही लोड फसल्यास एरर बाउंड्रीने (चुका पकडणाऱ्या रिअॅक्टच्या कंपोनंटने) ते पकडून, अर्धवट नोंद ब्राउझरमध्ये साठवून पान एकदाच रीलोड करावे. ते एकदा झाल्याची खूण सेशन स्टोरेजमध्ये (टॅब उघडा असेपर्यंत टिकणाऱ्या ब्राउझरच्या साठ्यात) ठेवावी, नाहीतर पान पुन्हा पुन्हा उघडत राहील. दुसऱ्यांदाही चंक आला नाही, तर स्पष्ट संदेश आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण दाखवावे.